मोहाखालची झाडलोट

गावात कुणाला बाहेरगावी जायचं असलं, की घराची किल्ली सुगंधाबाईंकडे येते. नुसती किल्लीच नाही. शेळ्या येतात, लग्नाची भांडी येतात, आणि एका वर्षी तर शेजारीण ऐन गणपतीत नागभीडला दवाखान्यात भरती झाली तेव्हा तिनं मांडलेला गणपतीही सुगंधाबाईंच्या हवाली झाला होता. सुगंधाबाईंनी त्याची दोन्ही वेळची आरती स्वतःच्या गणपतीआधी केली. घरचा देव समजून घेईल, हा दुसऱ्याचा, सांभाळायला दिलेला, असं त्यांचं म्हणणं.

"सुगंधाबाईच्या घरी ठेवलं म्हणजे देवापाशी ठेवलं," असं बाया बोलत. त्यावर त्या "काही पण बोलता वं तुम्ही" म्हणून विषय बदलत. पण मनातून त्यांना ते ऐकायला आवडायचं. या आवडण्याचाच पुढे त्यांना सगळ्यांत जास्त त्रास झाला.

नागपूरहून स्वाती नावाची मुलगी गावात आली तेव्हा सरपंचांनी तिला सरळ यांच्याच घरी आणून बसवलं. मुलगी मूळची गोंडपिपरीकडची, शिकायला नागपुरात, अंगानं काडीसारखी आणि बोलायला मोकळी. तिला एक यंत्र ठेवायला छत हवं होतं. सुगंधाबाईंचं घर गावाच्या टोकाला, मागं वाडी, वाडीच्या पलीकडे धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पुढे जंगल. वर पक्का स्लॅब. मुलीला जागा फार पसंत पडली.

"पण तू शिकते तरी काय, बाई?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"धूर शिकते, काकू. धुरातली काजळी."

सुगंधाबाईंचे यजमान गुणवंतराव बाजेवर बसून पाय हलवत होते. ते म्हणाले, "धुराचं शिक्षण? मंग हिलेच एखादी डिग्री देऊन टाका. लग्न होऊन आली तेव्हापासून धूरच खाऊन राह्यली."

स्वाती हसली. "काकूंनी खाल्ला तो ताजा धूर, काका. मले म्हातारा पाहिजे."

"म्हणजे माह्यासारखा?"

"तुमच्याहून जास्त चालून आलेला."

मग तिनं समजावून सांगितलं, आणि तिचं सांगणं असं होतं, की सुगंधाबाईंना ते पुढे कधी विसरता आलं नाही. तिनं वाडीतल्या चुलीवरचं घमेलं उलटं करून मागितलं. त्याच्या बुडाला काळी काजळी बसलेली. तिनं त्यावर बोटानं पाण्याचा थेंब सोडला. थेंब कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानावर राहावा तसा गोल राहिला आणि घरंगळून खाली पडला.

"पाहिलं ना काकू? ताज्या काजळीला पाणी लागत नाही. ती कोरडी असते. मोठ्या दुर्बिणीखाली पाहिली तर बारीक मण्यांच्या माळेसारखी दिसते, माळ पण अशी वेडीवाकडी, फांद्या फुटलेली. आता हीच काजळी चंद्रपूरकडच्या कोळशाच्या धुराबरोबर निघाली असं समजा. वाऱ्यावर निघाली, दिवसभर उन्हात राहिली. वाटेत तिला दुसऱ्या धुराची वाफ भेटते, गाड्यांची भेटते, झाडांच्या अंगातून निघते तीही भेटते. ते सगळं तिच्यावर चढत जातं, भज्याला पीठ लागावं तसं. मग माळ वाकते, आवळते, तिची गोळी होते. इथं येईस्तोवर ती पहिल्यासारखी राहिलेली नसते."

"अन् मंग?"

"मग तिला पाणी लागतं. ती पाणी धरायला लागते. ढगातला थेंब अशाच कणाभोवती जमतो, काकू. आणि पावसाबरोबर ती खाली येते. पण येईपर्यंत ऊन मात्र आधीपेक्षा जास्त ओढून घेते, अंगावर चढलेल्या त्या पुटामुळे. म्हणून तर तिचं वय मोजायचं."

सुगंधाबाई घमेल्याकडे बघत राहिल्या. जन्मभर त्यांनी काजळी राखेनं घासून काढली होती. ती कुठे जाते, तिला वय असतं, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. "देवानं कशाकशाले जन्म देला पाहा," त्या म्हणाल्या.

स्वातीनं मग अडचण सांगितली. घराजवळ चूल पेटली, तर तिचा ताजा धूर दुरून आलेल्या धुरात मिसळेल आणि मोजमाप बिघडेल. पाऊस लागेपर्यंत वाडीतली चूल बंद ठेवता येईल का?

"ठेवतो ना," सुगंधाबाई म्हणाल्या. "गॅस हाय. चूल नाई पेटवणार. शब्द देतो मी तुले."

त्यांचा शब्द म्हणजे काय ते गावाला माहीत होतं. त्या दिवसापासून वाडीतल्या चुलीवर त्यांनी पाटा पालथा घातला. आंघोळीचं पाणी गरम होईना. धान उकडायचं आलं तेव्हा त्यांनी ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, जावेच्या अंगणात नेऊन उकडलं आणि डोक्यावरून परत आणलं. गुणवंतराव माघाच्या थंडीत उघड्या अंगानं बादलीपुढे उभे राहून बोलत:

"त्या म्हाताऱ्या धुरासाठी मी गार पाण्यानं मरून राह्यलो. त्याचं वय मोजतात, माह्यं कोणी मोजत नाई."

"रामाचं नाव घ्या अन् टाका अंगावर," सुगंधाबाई आतून सांगत.

छतावर यंत्र दिवसरात घुमत असायचं. त्यात पांढरा गोल कागद असे, उडदाच्या पापडाएवढा. तो रोज सकाळी बदलायचा, चिमट्यानं उचलून डबीत ठेवायचा, डबी बर्फाच्या पेटीत. स्वातीनं हे काम त्यांना शिकवलं आणि त्या ते आंघोळ झाल्याशिवाय करत नसत. पांढरा घातलेला कागद दुसऱ्या दिवशी राखाडी होऊन निघे. काही दिसत नाही, वास नाही, आभाळ निळं, आणि तरी कागद राखाडी. पहिले काही दिवस तो पाहून त्यांच्या अंगावर काटा यायचा. हे सगळं आपण श्वासात घेतो म्हणून नाही, तर इतक्या दुरून कुणाचं तरी काही आपल्या छतावर येऊन बसतं आणि त्याला कुणी जाब विचारत नाही, म्हणून.

फागून लागला आणि मोह गळायला आला.

वाडीच्या टोकाला त्यांचा एक मोह आहे, सासऱ्यांच्या वेळचा. पुढे बांधीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्यांचेच आणखी काही; बाकीच्या बायांचे मोह गावाच्या दुसऱ्या बाजूला. मोहाचं असं, की फुलं पडण्याच्या सुमारास त्याची पानंही गळून खाली पडलेली असतात. त्या पाल्यात फूल पडलं की दिसत नाही आणि वेचताना हाताला कधी काय लागेल याचा नेम नसतो. म्हणून या भागातल्या बाया सांजेला झाडाखालचा पाला खराट्यानं ओढतात आणि त्याला काडी लावतात. पाला भुरभुर जळून जातो, रात्रीतून जमीन थंड होते आणि पहाटे काळ्या भुईवर फुलं अशी उठून दिसतात, की अंधुक उजेडातही वेचता येतात. रोज नवा पाला पडतो, त्यामुळे दोनचार दिवसांनी पुन्हा काडी लावायची. सुगंधाबाईंच्या सासूनं हेच केलं, आईनं हेच केलं. याला कुणी आग लावणं म्हणत नाही. विचारलं तर सांगतात, "मोहाखाल साफ करून राह्यली."

सुगंधाबाईंनीही त्या वर्षी मोहाखाल साफ केलं. पहिली फुलं नेहमीप्रमाणे देवापुढे ठेवली. धूर उठला, छतावरून गेला, आणि त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. चुलीवर पाटा पालथा होता. शब्द पाळला जात होता.

होळी होऊन गेल्यावर स्वाती आली ती पेढे घेऊन. मोटारसायकलवरून उतरली, तशी हेल्मेटसुद्धा न काढता तिनं सुगंधाबाईंचे हात धरले.

"काकू, तुमच्या छतावर नवल झालं."

आधी नेलेल्या कागदांवरची काजळी तिनं मोठ्या दुर्बिणीखाली पाहिली होती. माघातली सगळी गोळ्या गोळ्या, पुट चढलेली, जशी यायला हवी तशी. पण फागुनातली मात्र माळाच माळा. कोरड्या, फांद्या फुटलेल्या, जणू आत्ता जन्मलेल्या. आणि वारा तर चंद्रपूरकडूनच होता. म्हणजे एवढं अंतर चालून येऊनही धूर म्हातारा झाला नव्हता.

"इथल्या फागुनाच्या कोरड्या हवेत काहीतरी आहे," ती म्हणाली. "असं आजवर इकडे कुणी दाखवलं नाही, काकू. सर म्हणाले, हैदराबादच्या सभेत मांड. मी लिहून पाठवलंही. माझ्या आईला तर वाटतं मी धुराला अमर केलं."

गुणवंतरावांनी पेढा तोंडात टाकला. "बघ, आपल्या गावचा धूरच जवान हाय."

स्वाती हसत हसत सुगंधाबाईंकडे वळली. "पण काकू, एकदा विचारून ठेवते, सर विचारतील म्हणून. चूल तर नाही ना पेटवली, एखाद्या दिवशी?"

"नाई, बाई," सुगंधाबाई म्हणाल्या. "एक दिवस नाई."

हे खरं होतं. आणि हे बोलता बोलताच त्यांची नजर स्वातीच्या खांद्यावरून वाडीच्या टोकाला गेली. मोहाखाली काळं गोल रिंगण पडलेलं होतं, एवढं मोठं, की त्यात लग्नाचा मांडव मावला असता.

त्यांच्या हातात पेढा होता. तो त्यांनी पदराआड धरला आणि घरात जाऊन ठेवून दिला.

त्याच क्षणी बोलता आलं असतं. "थांब वं बाई, चूल नाई, पण पाला जाळला," एवढंच तर होतं. सुगंधाबाईंनी पुढे कितीदा तरी ते मनात म्हणून पाहिलं. पण स्वातीचा चेहरा असा होता, की त्यावर पाणी ओतायला हात उठेना. आणि दुसरंही एक होतं, जे त्यांना स्वतःशी कबूल करायला जास्त दिवस लागले. सरपंचांसमोर, गावासमोर, ज्यांच्याकडे ठेवलं म्हणजे देवापाशी ठेवलं, त्या सुगंधाबाईंच्या हातून ठेवलेली वस्तू बिघडली, हे त्यांना तोंडानं म्हणवेना.

रात्री जेवताना त्यांनी गुणवंतरावांना सांगितलं. ते भात कालवत म्हणाले:

"तू चूल पेटवली का?"

"नाई."

"तिनं चूलच इचारली ना? मंग झालं."

"ते झालं म्हणायचं, अजी. पण ते झालं नाई."

"पोरगी खुश हाय. तिची आई खुश हाय. कोणाचं काय गेलं? चंद्रपूरच्या धुराचं वय कमी झालं, तर तो का भांडाले येते?"

सुगंधाबाईंना हसू आलं नाही. गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. बायकोचा जीव खाली यावा म्हणून ते बोलत होते, हेही त्यांना कळत होतं. पण त्या एकादशीला मारुतीच्या देवळात बाकीच्या बाया भजन म्हणत असताना त्यांचा आवाज निघेना. देवापुढे उभं राहून काही मागायची त्यांना सवय नव्हती. त्या नुसत्या हात जोडून येत. त्या दिवशी जोडलेले हात त्यांना आपले वाटले नाहीत.

एक मात्र त्यांनी केलं. मोहाखाली काडी लावणं बंद केलं. पहाटे उठून खराट्यानं पाला ओढायचा, टोपलीत भरायचा, लांब खड्ड्यात नेऊन टाकायचा आणि मग वेचायला बसायचं. कंबर भरून यायची. दुखणं त्यांना बरं वाटायचं.

जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, रुखमा त्या वाटेनं फुलं घेऊन जायची. तिनं पाहिलं आणि पाळीवर टोपली टेकवून उभी राहिली.

"काजी सुगंधाबाई, यंदा झाडून राह्यल्या? काऊन? माचीस संपली का?"

"आग नाई लावत."

"तुम्ही? मंग आमच्या टोल्यावर या. आमच्या ग्रामसभेनं आग बंदच केली. आम्ही हिरवी जाळी बांधतो झाडाखाल. फूल पडते जाळीत, पाला उडून जाते. बसल्या बसल्या गोळा करा, महाराणीवानी."

सुगंधाबाई खराट्यावर टेकून उभ्या राहिल्या. "रुखमा, पाला झाडणं अन् पाला जाळणं, एकच का वं?"

रुखमाला हा प्रश्न गमतीचा वाटला. "झाडलेला पाला खड्ड्यात दिसते उद्या. जाळलेला कुठी दिसते?"

"मंग तो जाते कुठी?"

रुखमानं हनुवटी वर केली. तिला फक्त आभाळ दाखवायचं होतं. पण त्या बाजूला सुगंधाबाईंचं छत होतं, आणि छतावर ते यंत्र घुमत होतं.

काडी बंद केली खरी, पण त्यातून पुढे काय होणार हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. चैत्राच्या अखेरीस स्वाती आली तेव्हा कळलं. या वेळी ती मोटारसायकलवरून उतरून तशीच काही वेळ उभी राहिली. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. सुगंधाबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला. तिनं गूळ हातातच ठेवला.

"काकू, माझं काहीतरी चुकलं," ती म्हणाली.

"काय वं?"

"नंतरचे कागद पाहिले. सगळ्या गोळ्या. परत म्हातारी काजळी, माघासारखी. हवा तर आणखी कोरडी झाली, वाराही तोच. मग मधल्याच दिवसांत ती ताजी कशी राहिली? सरांना उत्तर देता येईना. ते म्हणतात, तू डब्यांची अदलाबदल केली असशील. नागभीडच्या मोटारस्टँडवरही मी कागद लावते ना, तुलनेला, तिथं ताजा धूर असतो. ते कागद या डब्यांत गेले असतील." तिनं गूळ खाली ठेवला. "मी नाही केली अदलाबदल, असं म्हणत होते मी. पण आता मलाच खात्री वाटत नाही. रात्री जागून लेबलं लावायची मी. झालं असेल माझ्याच हातून."

"सर रागावले?"

"रागावले असते तर बरं होतं. म्हणाले, ज्याला स्वतःच्या डब्यांची खात्री नाही त्यानं धुरावर बोलू नये. हैदराबादचं मागं घ्यावं लागेल. त्याचं काही नाही, काकू. पण पुढं माझ्या कागदावर कोण विश्वास ठेवेल?"

गुणवंतराव बाजेवर होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

सुगंधाबाईंना इतके दिवस वाटत होतं, की त्या गप्प राहिल्या त्यात निदान कुणाचं वाईट होत नाही. पाप असलंच तर ते त्यांचं आणि देवाचं, मधे कुणी नाही. आता समोर एक मुलगी बसली होती आणि न केलेली चूक स्वतःच्या अंगावर घेत होती. तेही खोटं बोलून नव्हे. तिला ती खरंच आपली वाटायला लागली होती.

"तुह्या हातून नाई झालं," सुगंधाबाई म्हणाल्या.

"तुम्ही माया करता म्हणून म्हणता."

"माया नाई करून राह्यली, बाई. ऐक. मी चूल नाई पेटवली. पण मोहाखालचा पाला जाळला. फागुनात. त्या तिथी." त्यांनी हात केला. रिंगणावर आता नवा पाला पडला होता, तरी काळं मधूनमधून दिसत होतं. "तू पेढे घेऊन आली तेव्हा मले समजलं होतं. तू इचारलं तेव्हाच समजलं. मी बोलली नाई."

स्वाती उठली. वाडीतून चालत मोहापर्यंत गेली, उकिडवी बसली आणि मातीत बोट फिरवलं. मग तिनं मान वर करून छताकडे पाहिलं, झाडापासून छत किती दूर आहे ते नजरेनं मोजावं तसं. फार दूर नव्हतं.

परत आली तेव्हा तिचा आवाज सपाट होता. "कोणकोणत्या दिवशी, काकू?"

सुगंधाबाईंनी आठवायला तोंड उघडलं आणि त्यांना आठवेना. होळीच्या आधी एकदा, ते पक्कं. मग शेजारची चंचल माहेराहून आली त्या सांजेला. की दुसऱ्या? बाकीचे दिवस एकमेकांत मिसळून गेले होते. ज्या गोष्टीला आपण काम म्हणूनही धरत नाही, तिचा दिवस कोण लक्षात ठेवतो?

"सांगता नाई येत," त्या म्हणाल्या.

"मी पेढे आणले तेव्हा सांगता आलं असतं?"

"हो. तेव्हा बोटावर मोजून देले असते."

स्वातीनं डोळे मिटून घेतले. "तेव्हा सांगितलं असतं, तर तेवढेच कागद बाजूला काढले असते. बाकीचे चांगलेच होते. आता कोणता तुमचा आणि कोणता दुरून आलेला, कसं ओळखू? फागून सगळाच गेला, काकू."

सुगंधाबाईंना वाटलं होतं, की आपला गुन्हा त्या काडीत आहे. तो काडीत नव्हता. पाला तर सगळ्याच बाया जाळतात, आणि समजून उमजून कुणाचं वाईट करायला कुणी जाळत नाही. गुन्हा पेढ्यानंतरच्या दिवसांत होता. रोज थोडं थोडं पुट चढत गेलं होतं, आणि त्या आपल्या भजनाला जात होत्या, एकादशी करत होत्या, पाला खड्ड्यात नेऊन टाकत होत्या. "तू चुलीचंच इचारलं होतं" हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळून टाकलं.

"तुह्या सराचा फोन लावून दे," त्या म्हणाल्या. "मी सांगतो त्याहिले."

"राहू द्या, काकू."

"लाव म्हणतो ना."

फोन लागला. सुगंधाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या, समोर माणूस असावा तशा. "सर, मी सुगंधाबाई बोलतो, छतवाली. डब्या नाई बदलल्या पोरीनं. धूर माह्या मोहाखालचा होता. तिनं इचारलं तेव्हा मी लपवलं. तिच्यावर राग नका धरू." पलीकडून काय बोलणं झालं ते गुणवंतरावांना ऐकू आलं नाही. सुगंधाबाई "हो जी, हो जी" करत राहिल्या, आणि शेवटी "तुमचं बरोबर हाय" म्हणून त्यांनी फोन परत दिला.

"काय म्हणे?" गुणवंतरावांनी विचारलं.

"म्हणे, खरं सांगितलं ते चांगलं केलं. पण लवकर सांगाले पाहिजे होतं."

"एवढं तर मी बी म्हटलं असतं."

"तुम्ही म्हटलं नाई पण," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि गुणवंतराव बाजेवरून उठून गाईला पाणी दाखवायला निघून गेले.

स्वाती बराच वेळ छतावर एकटीच होती. खाली आली तेव्हा तिनं सरळ जमिनीवर बसकण मारली, सुगंधाबाईंच्या पुढ्यात.

"काकू, चूक माझीही आहे. मी चूल विचारली. आग विचारायला हवी होती. आता विचारते. आणखी काय काय आहे, जे तुम्ही आग म्हणून धरत नाही?"

सुगंधाबाई विचार करू लागल्या. आधी वाटलं, काहीच नाही. मग एकेक निघू लागलं. गोठ्यात मच्छरासाठी सांजेला कडुनिंबाचा पाला धुमसत ठेवतात ते. यजमान जिन्यात बसून बिडी ओढतात ते.

"ती बी आग का?" बाहेरून गुणवंतरावांचा आवाज आला.

"तुम्ही गप बसा. लिही वं. पुढं पिंपाचं डांबर वितळवलं होतं एकदा, गोठ्याच्या कौलाची फट बुजवाले. अन् पोळ्याले, नाई, पोळा तर यायचाच हाय." उरलेली गोष्ट बोलायची त्यांना भीती वाटत होती. बोललं की बंद कर म्हणेल. तरी त्यांनी सांगितलं. "अन् देवाजवळ दिवा असते. तेलाचा. रात्रभर. त्याची बी काजळी धरते भिंतीले."

स्वातीनं तो लिहिला नाही. थोडं थांबून मग लिहिला. "असू द्या दिवा," ती म्हणाली, "पण मला माहीत असू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद करून दोघी मोहाखाली गेल्या. स्वातीला त्या पाल्याचा ताजा धूर हवा होता, मोहाची काजळी दुर्बिणीखाली कशी दिसते ते पाहायला. तशी ओळख पटली, तर कदाचित फागुनातले काही कागद वेगळे काढता येतील, ती म्हणाली. कदाचित नाहीही. सुगंधाबाईंनी खड्ड्यातला पाला टोपलीनं आणून ओतला. खाली बसल्या आणि माचीस काढली. जन्मभरात इतक्या काड्या ओढल्या होत्या, पण ही पेटेना. एक विझली, दुसरी विझली. स्वाती हातात छोटा पंप धरून धुराची वाट पाहत उभी होती.

तिसरी पेटली. पाला धरला. धूर सरळ स्वातीच्या तोंडावर गेला, तशी सुगंधाबाईंनी तिच्या दंडाला धरून तिला मागं ओढलं.

"नको काकू," ती खोकत म्हणाली, "ताजाच पाहिजे."

त्या फागुनातल्या कागदांपैकी काही वापरण्याजोगे निघाले, पुष्कळसे वाया गेले. स्वातीचं काम एक वर्ष लांबलं. सरपंचांनी विचारलं तेव्हा सुगंधाबाईंनी का लांबलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. किल्ल्या अजूनही त्यांच्याकडे येतात. घेताना त्या आता म्हणतात, "ठेवून जा, पण जाता जाता सांगून जा, कशाले हात नाई लावाचा." बायांना वाटतं, बाईचं वय झालं.

यंत्र छतावरच आहे. या वर्षी मोहाखाली हिरवी जाळी आहे, रुखमानं बांधून दिलेली. स्वाती येते, पाणी पिते आणि जिन्यावर पाय ठेवण्याआधी विचारते, "काकू, काय काय पेटलं?"

सुगंधाबाई सांगतात. बिडी. सत्यनारायणाच्या दिवशी धूप. वीज गेली तेव्हा मेणबत्ती. परवा स्वाती आली तेव्हा सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दिव्याशिवाय घरात काही पेटलं नव्हतं.

"काही नाई, बाई," त्या म्हणाल्या.

स्वाती वर गेली. सुगंधाबाई खाली जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि पुन्हा सगळे दिवस मनात फिरवू लागल्या. ती खाली येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.